पुस्तकावरचा पिक्चर घरी सगळ्यांनी मिळून बघायचाय? मग तयारी या क्रमाने करा

मुलांच्या पुस्तकावरून काढलेला पिक्चर घरी सगळ्यांनी एकत्र बघायचा हा बेत बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो, सगळं त्याच संध्याकाळी ठरवलं जातं. जेवणं आटपली की रिमोट हातात येतो आणि शोधाशोध सुरू, हा नको तो नको, ट्रेलरच चार बघून होतात, शेवटी साडेनऊला काहीतरी लागतं आणि सव्वादहाला धाकटं झोपलेलं, मोठं मोबाईलमध्ये. पुस्तक एकाने अर्धं वाचलेलं, दुसऱ्याने उघडलेलंच नाही. म्हणून खालच्या टप्प्यांमधलं निम्म्याहून जास्त काम आधीचं आहे. त्या रात्री फक्त प्ले दाबायचं उरलं पाहिजे.

अंदाज हवा म्हणून सांगते: चित्रांचं छोटं पुस्तक असेल तर वाचन आणि पिक्चर एकाच दिवशी उरकतं, कादंबरी असेल तर सुरुवातीपासून पिक्चरपर्यंत तीन आठवडे धरा.

१. जोडी ठरवा, नुसता पिक्चर नाही

आधी पुस्तक आणि पिक्चर यांचं एकमेकांशी नातं काय आहे ते बघा. ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात.

पहिला, पुस्तकाला धरून चालणारा. सुरुवात इथूनच करा, कारण मुलांना ओळखीच्या गोष्टी एकेक करून समोर येताना बघायची मजा मिळते. एकदम लहानांसाठी 'द ग्रफलो' चांगला पडतो, पुस्तक १९९९ चं, पिक्चर २००९ चा आणि तो जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, त्यामुळे चार-पाच वर्षांचं मूलसुद्धा शेवटपर्यंत टिकतं.

दुसरा प्रकार म्हणजे छोटं चित्रपुस्तक ताणून मोठा केलेला पिक्चर, आणि इथे लोक हमखास फसतात. 'जुमांजी' घ्या. १९८१ चं पुस्तक म्हणजे मोजक्या पानांची, चित्रांची गोष्ट, दोन भावंडं घरी एकटी असताना एक खेळ मांडतात, बस. १९९५ चा पिक्चर पावणेदोन तासांच्या आसपासचा आहे आणि त्यात खेळात कित्येक वर्षं अडकून पडलेला माणूस, त्याच्यामागे लागलेला बंदूकवाला शिकारी, हे सगळं नव्याने घातलेलं आहे. पुस्तक लहानांचं म्हणजे पिक्चरही लहानांचा, हा हिशोब इथे साफ चुकतो.

तिसरा, पुस्तकातलं पात्र आणि नाव घेतलं आणि गोष्ट नवीन केली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांमध्ये शाळकरी पोरगा आहे, २०१७ च्या पिक्चरमध्ये तो मोठा झालेला तरुण आहे आणि गोष्ट परीक्षेतल्या घोटाळ्याची आणि खुनाची आहे. 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'च्या पुस्तकात टूथलेस हा लहानसा ड्रॅगन आहे, २०१० च्या पिक्चरमध्ये तो सगळ्यात धाक असलेल्या जातीचा मोठा काळा ड्रॅगन होतो. असे पिक्चर बघू नका असं माझं म्हणणं नाही, पण मुलांना आधी सांगून ठेवा की पात्र तेच असलं तरी गोष्ट दुसरी आहे, नाहीतर जो मन लावून पुस्तक वाचून आलाय तोच सगळ्यात जास्त हिरमुसतो.

सावधान: एका पुस्तकावर बरेचदा एकापेक्षा जास्त पिक्चर असतात. रोआल्ड डालच्या चॉकलेट फॅक्टरीच्या पुस्तकावर १९७१ चा एक आणि २००५ चा एक, दोन्हींचा रंगढंग वेगळा. 'मटिल्डा' १९९६ चा आहे आणि २०२२ चा गाण्यांचाही आहे. ठरवताना नावासोबत वर्षही कागदावर लिहून ठेवा.

२. मोठ्यांपैकी एकाने पिक्चर आधी एकट्याने बघायचा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि गोंधळ सगळ्यात जास्त यामुळेच होतो. वयाचं सर्टिफिकेट बघितलं की झालं असं वाटतं, पण सर्टिफिकेट सरासरी मुलासाठी असतं, तुमच्या घरातल्या मुलासाठी नसतं. 'कोरलाइन'ला अमेरिकेत पीजी म्हणजे मोठ्यांच्या देखरेखीखाली चालेल असं रेटिंग आहे, आणि त्यात हुबेहूब आईसारखी दिसणारी बाई आहे, डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली, ती मुलीला म्हणते तूही डोळ्यांत बटणं शिवून घे. एखादं दहा वर्षांचं मूल हे आवडीने बघेल, दुसरं दहा वर्षांचंच मूल आठवडाभर एकटं झोपणार नाही.

बघताना वही घेऊन बसा आणि घड्याळाची वेळ टिपत जा. असं काहीतरी:

०:१८ – वडील ओरडतात, दार आपटतं
०:४१ – कुत्रा हरवतो, संगीत एकदम चढतं
१:०५ – इथे ब्रेक घेता येईल
१:२२ – आजी जाते

मुलं नक्की कशाला घाबरतात याबद्दल आपला अंदाज चुकतो. राक्षस, भूत, आग हे बऱ्याच मुलांना चालतं. आई-वडील हरवणं, प्राणी मरणं, कुणाला तरी खोलीत कोंडणं, सगळ्यांसमोर एखाद्याचा अपमान होणं, हे मात्र आत जाऊन बसतं. टिपताना या गोष्टींवर जास्त लक्ष ठेवा.

भावंडांच्या वयात फरक असेल तर निर्णय सगळ्यात लहान मुलाकडे बघून नाही तर सगळ्यात हळव्या मुलाकडे बघून घ्यायचा. पुष्कळदा ते मधलं किंवा मोठंच निघतं.

पूर्ण बघायला वेळच नसेल तर निदान शेवटचा अर्धा तास नीट बघा आणि बाकीचा दीडपट स्पीडवर. नुसतं इंटरनेटवर वाचून भागवू नका.

तपासून बघा: पिक्चरमधल्या सगळ्यात अवघड सीनबद्दल मुलाला एका वाक्यात काय सांगायचं हे तुम्हाला आत्ता सुचतंय का? सुचत नसेल तर हा पिक्चर पुढच्या वर्षी.

३. पुस्तक आधी संपवा, आणि त्याचा हिशोब करा

"वाचू की, अजून वेळ आहे" म्हणत पुस्तक अर्ध्यावर राहतं आणि मग पिक्चरच शेवट सांगून टाकतो. एकदा शेवट कळला की उरलेली पानं वाचणारी मुलं फार थोडी. तेव्हा पहिल्या दिवशी दहा मिनिटं मोठ्याने वाचा आणि किती पानं झाली ते मोजा. समजा सहा झाली. पुस्तक १८० पानांचं असेल तर ३०० मिनिटं लागतील, रोज २० मिनिटं वाचलं तर १५ रात्री. त्यात न वाचल्या जाणाऱ्या तीन-चार रात्री मिळवा, कारण त्या येतातच. आता पिक्चरची तारीख ठरवा.

मोठ्याने वाचणं मला जास्त पटतं, मुलं स्वतः वाचत असली तरी. सगळे एकाच पानावर राहतात आणि धाकट्याला मागे पडल्यासारखं होत नाही. ऑडिओबुकही चालेल. एखादं मूल पुढे वाचून मोकळं झालं तर रागावू नका, फक्त पुढचं फोडायचं नाही एवढी अट घाला.

सुट्या प्रसंगांचं पुस्तक असेल तर पद्धत थोडी बदला. 'श्यामची आई'चंच बघा, पुस्तक १९३५ चं, ४२ रात्रींमध्ये विभागलेलं, म्हणजे रोज एक रात्र वाचली तरी सहा आठवडे. तेवढा धीर असेल तर उत्तमच. नसेल तर दहा-बारा रात्री निवडा, पण शेवटच्या काही रात्री गाळू नका, आईचं आजारपण आणि मृत्यू मुलांनी आधी तुमच्या तोंडून, तुमच्या शेजारी बसून ऐकलेला असू दे, मग पडद्यावर बघू दे. या पुस्तकावर १९५३ चा आचार्य अत्र्यांचा पिक्चर आहे आणि २०२३ चाही आहे. जुना निवडलात तर आधी त्यातली दहा मिनिटं दाखवून ठेवा म्हणजे संथ चालीची आणि जुन्या आवाजाची सवय होते.

सावधान: भाषांतर वाचत असाल तर पात्रांची नावं, मंत्र, जागांची नावं पुस्तकात एक आणि डब केलेल्या पिक्चरमध्ये दुसरी असू शकतात. दुसऱ्या टप्प्यात पिक्चर बघताना अशी नावं टिपून ठेवा आणि मुलांना आधीच सांगा. नाहीतर पहिली वीस मिनिटं "हा कोण? हा कोण?" यातच जातात.

४. पिक्चरच्या आधी मुलांच्या डोक्यातलं चित्र कागदावर उतरवून घ्या

पंधरा मिनिटांचं काम आहे पण माझ्या मते सगळ्या खटाटोपाचा जीव यात आहे. पुस्तक वाचताना प्रत्येक मूल आपला आपला नायक तयार करतं, त्याचं घर, त्याचा आवाज, त्याचे केस. पिक्चर बघितला की दोन तासांत ते सगळं पुसलं जातं आणि तिथे नटाचा चेहरा बसतो, तो पुन्हा काढता येत नाही. म्हणून आधी चित्र काढून घ्या. मुख्य पात्र, एक जागा, आणि पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक किंवा सगळ्यात आवडती वस्तू, एवढं पुरे. चित्र चांगलं येतंय की वाईट यावर कुणीही बोलायचं नाही. ज्याला चित्र काढायचं नाही त्याने सांगावं आणि मोठ्यांनी लिहून घ्यावं. मोठ्यांनीही आपलं काढायचं, टाळायचं नाही. चित्रं पाकिटात घालून ठेवून द्या, पिक्चरनंतर लागणार आहेत.

यात एक मेख आहे. बऱ्याच पुस्तकांच्या नवीन आवृत्तीवर पिक्चरचंच पोस्टर छापलेलं असतं, म्हणजे वाचायला बसण्याआधीच नायकाचा चेहरा ठरून गेला. असं पुस्तक हातात आलं तर सरळ साध्या कागदाचं कव्हर घाला, आतली फोटोंची पानं असतील तर क्लिप लावून बंद करा. आणि ट्रेलर दाखवू नका, मुलं कितीही मागे लागली तरी.

पुस्तक संपणं आणि पिक्चर यांच्यात तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा. लगेच त्याच रात्री लावला तर मुलं नुसती चुका शोधत बसतात, महिना गेला तर अर्धं विसरतात. छोट्या चित्रपुस्तकाला हा नियम नाही, दुपारी वाचा आणि संध्याकाळी बघा.

५. आदल्या दिवशीची तांत्रिक तयारी

पटापट करून टाका, पण आदल्या दिवशीच.

– पिक्चर तुमच्याकडच्या अ‍ॅपवर अजून आहे का बघा. अ‍ॅपवरून पिक्चर न सांगता गायब होतात. डाउनलोडची सोय असेल तर डाउनलोड करा.
– भाषा आणि सबटायटल आत्ताच लावून बघा. वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलाला सबटायटलचा वेग झेपत नाही, त्याच्यासाठी डब केलेला आवाजच घ्या.
– टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग किंवा तशा अर्थाचं काही चालू असेल तर बंद करा, त्याने पिक्चर मालिकेसारखा दिसायला लागतो.
– संवाद दबतात आणि धडामधुडूम मोठं येतं ही नेहमीची तक्रार, त्यावर साउंडच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असतो, तो लावा.
– ऑटोप्ले बंद. हे विसरू नका, पिक्चर संपल्या संपल्या पुढचं काहीतरी आपोआप सुरू झालं की सगळं विरून जातं.

तपासून बघा: ज्या खोलीत, ज्या टीव्हीवर बघणार तिथेच पाच मिनिटं चालवून बघितलं का? लॅपटॉपवर चालला म्हणजे टीव्हीवर चालेलच असं नाही.

६. वेळ उलटी मोजत या

सुरू करायची वेळ झोपेच्या वेळेपासून मागे मोजायची. समजा साडेनऊला झोपायचंय आणि पिक्चर १०० मिनिटांचा आहे. शेवटी २० मिनिटं शांत व्हायला, मधे १० मिनिटांचा ब्रेक, सुरुवातीला स्थिरस्थावर व्हायला १०. झाले १४० मिनिटं, म्हणजे ७ वाजून १० मिनिटांनी सगळे जागेवर. साडेआठला सुरू करून चालणारच नाही हे इथे आकड्यात दिसतं. खाणं-जेवण आधी उरका, पिक्चर चालू असताना कुणालाच स्वयंपाकघरात उठून जावं लागू नये, कारण जो उठतो तो नेहमी एकच माणूस असतो.

पिक्चर लांब असेल तर दोन रात्रींत बघा, यात कमीपणा काही नाही. पहिला हॅरी पॉटर अडीच तासांचा आहे, सात-आठ वर्षांच्या मुलाला एका बैठकीत तो जास्त होतो. कुठे थांबायचं ते तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं आहे. एखादा प्रसंग पूर्ण झाल्यावर थांबा, संकटाच्या मधोमध नाही.

७. पिक्चर चालू असताना

सुरू करण्याआधी दोनच वाक्यं बोला. एक, पुस्तकातलं सगळं यात नसणार आणि काही नवीन असेल. दुसरं त्या अवघड सीनबद्दल, "मधे एकदा कुत्रा हरवतो, पण सापडतो," एवढं स्पष्ट. कुणाला वाटेल मजा गेली, पण हळवं मूल हे ऐकूनच धीराने बसतं.

मग मोबाईल दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेसुद्धा. मोठे मोबाईल बघत बसले की मुलांना कळतं हे त्यांच्यासाठी लावलंय, सगळ्यांसाठी नाही.

"पुस्तकात असं नव्हतं!" ही ओरड येणारच आणि ती यायलाच हवी, पण दर मिनिटाला आली तर बाकीच्यांना काही ऐकू येत नाही. यावर सोपा उपाय, प्रत्येकाकडे एक कागद आणि पेन्सिल. फरक दिसला की कागदावर एक रेघ ओढायची. बोलणं उद्या. रेघा मोजायला मुलांना फार आवडतं आणि तोंडं आपोआप बंद राहतात.

थांबवून प्रश्न विचारू नका. "आता सांग, हा असं का वागला?" हे पिक्चरच्या मधे विचारलं की शाळा सुरू झाली. त्याऐवजी प्रत्येक मुलाला एकदाच पॉज मागायचा हक्क द्या, कारण न विचारता.

कुणी घाबरलं तर पहिल्यांदा आवाज कमी करा, मग दिवा लावा. भीती निम्मी संगीतात असते, आवाज उतरवला की तोच सीन बराच सुसह्य होतो. मूल उठून गेलं तर मोठ्यांपैकी एकाने सोबत जायचं. "एवढं काय त्यात घाबरायचं" हे वाक्य त्या रात्री कुणीही उच्चारायचं नाही.

८. संपल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी

शेवटच्या नावांमध्ये पुस्तकाच्या लेखकाचं नाव शोधा, ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने मोठ्याने वाचायचं. त्या रात्री एवढंच. लगेच चर्चा करायला बसू नका, मुलं दमलेली असतात आणि "छान होता" यापलीकडे काही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी पाकिटातली चित्रं बाहेर काढा आणि रेघांचे कागदही. "पुस्तक चांगलं की पिक्चर?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर एका शब्दात संपतं. त्याऐवजी विचारा, तुझ्या चित्रातलं घर आणि पिक्चरमधलं घर यात काय वेगळं आहे? कुठला सीन गाळला त्याचा राग आला? आणि मग खरा प्रश्न, हे त्यांनी का बदललं असेल?

या शेवटच्या प्रश्नाला मुलं थक्क करणारी उत्तरं देतात, पण सुरुवातीला त्यांच्या हातात एखादं उदाहरण द्यावं लागतं. 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' या १९०० सालच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत, १९३९ च्या पिक्चरमध्ये ते लाल झाले, कारण रंगीत पिक्चर ही तेव्हा दाखवायची गोष्ट होती आणि लाल पडद्यावर उठून दिसतो. 'कोरलाइन'च्या पुस्तकात शेजारचा मुलगा नाहीच, पिक्चरमध्ये घातलाय, कारण पुस्तकात ती मनातल्या मनात विचार करते ते आपण वाचू शकतो पण मनातलं कॅमेऱ्याला दिसत नाही, तिला बोलायला कुणीतरी लागतं. एवढं सांगितलं की मुलं आपापल्या रेघांकडे वेगळ्या नजरेने बघतात, दोन पात्रांचं एक का केलं, मधलं प्रकरण का उडवलं, शेवट का बदलला.

पिक्चरने गाळलेलं एक प्रकरण त्याच रात्री पुन्हा वाचा. गाळलेलंच, कारण नटाचा चेहरा तिथे पोचलेला नसतो.

पिक्चर आधीच बघून झाला असेल तर

असं होतंच, कुणाच्या तरी घरी बघितलेला असतो. मग पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करू नका, मुलं "हे माहितीये" म्हणत उठतात. पिक्चरमध्ये नसलेलं प्रकरण शोधा आणि तिथून वाचायला घ्या, पुस्तकात आणखी काय काय आहे हे कळलं की मागे जाऊन सुरुवात करायला ती स्वतःच सांगतात. चित्रांचा टप्पा अशा वेळी मुख्य पात्रावर करू नका, तो चेहरा ठरलेला आहे. पिक्चरमध्ये न आलेलं एखादं पात्र किंवा जागा काढायला सांगा. आणि पिक्चर पुन्हा लावायचाच असेल तर पुस्तक पूर्ण संपल्यावर लावा, यावेळी रेघा उलट्या ओढायच्या, पुस्तकात होतं आणि इथे राहून गेलं त्याच्या.